नामंजूर रजा

सोमवारी दुपारी सव्वाबाराला कॉलेजातल्या चौऱ्याऐंशी कर्मचाऱ्यांना एकच मेल गेला. ‘आपली रजा नामंजुर करण्यात आली आहे. कारण पाहण्यासाठी खालील लिंकवर पासवर्ड भरावा. आदेशावरून.’ मेल खोटा होता. सायबर सुरक्षा शिकणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या तिघांनी तो पाठवला होता, तोही प्राचार्यांच्या लेखी परवानगीने. किती माणसं फसतात हे पाहायचा तो प्रकल्प होता.

मजकूर धाकटीचा. घरी तिला सगळे धाकटी म्हणत, आणि गटातल्या लांब्याने ते एकदा फोनवर ऐकल्यापासून वर्गातही तेच नाव पडलं होतं. आधी लांब्याने लॉटरीचा मेल लिहिला होता. प्रकल्पाच्या सरांनी तो वाचून बाजूला सारला आणि माणूस ज्याची वाट बघत असतो ते लिहा, म्हणाले. धाकटीला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तिचे बाबा याच कॉलेजात स्टोअरकीपर होते. रजेची उत्तरं सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी येतात, खाली सही नसते, आणि ऑफिसातला कारकून ‘मंजूर’ मधला जू कायम ऱ्हस्व काढतो, हे तिने ताटावर बसल्या बसल्या शंभरदा ऐकलं होतं. तिने जू ऱ्हस्व केला. लांब्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

बाबा फसतील असं तिच्या मनातही आलं नाही. खिळ्यांची पेटी आली तरी तीनदा मोजून घेणारा माणूस.

लॅबमधल्या पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. नावं सरांनी झाकून ठेवली होती. दिसायची फक्त वेळ आणि विभाग. पासवर्डही कुठे साठत नव्हता, तो भरला एवढीच नोंद व्हायची. बारा एकेचाळीसला ओळ आली : स्टोअर, लिंक उघडली. त्याखाली लगेच दुसरी : स्टोअर, पासवर्ड भरला. स्टोअरमध्ये एकच माणूस होता.

लांब्या हसत काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. निकाल शुक्रवारी सगळ्यांसमोर मांडायचा होता आणि तोवर कुणाला, अगदी घरीसुद्धा, चकार शब्द काढायचा नाही, अशा कागदावर तिघांनी सह्या केल्या होत्या. चार दिवस, तिने स्वतःला समजावलं. चार दिवस तोंडाला कुलूप, मग बाबांची माफी मागू.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा पायमोजेही न काढता खुर्चीत बसून होते. आई पाणी ओतत होती आणि पेल्याचा अंदाज चुकून अर्धं टेबलावर सांडत होतं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शिवणकाम दोन महिने बंद होतं. ऑपरेशन येत्या गुरुवारी होतं, आणि नंतर दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायला घरी कुणीतरी हवं म्हणून बाबांनी चार दिवसांची रजा मागितली होती.

टेबल पुसता पुसता आईनेच सांगितलं, अगदी सहज, की ऑपरेशन पुढे गेलं. बाबांना रजा मिळाली नाही. त्यांनी तीन वाजता हॉस्पिटलला फोन करून तारीख सोडून दिली. आपलं काय, डोळा कुठे पळून जातोय.

बाबांनी ऑफिसात जाऊन विचारलं का, असं धाकटीने विचारलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. नाही म्हटल्यावर पुन्हा दारात जाऊन उभं राहायचं, हे त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

तिला कागदावरची आपली सही आठवली. आईने पुसलेली जागा अजून ओलीच होती. गप्प राहिलं तर शुक्रवार उजाडायचा, आणि गुरुवार त्याच्या आधी होता.

“बाबा, तो मेल ऑफिसचा नव्हता,” ती म्हणाली. “मी लिहिला होता.”

मग सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे रजा मिळाली आहे?”

“माहीत नाही.”

ते उठले आणि त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या नर्सने सांगितलं की ती तारीख पाच वाजताच दुसऱ्या पेशंटला गेली. आता तीन आठवडे थांबावं लागेल. बाबांनी तिचे आभार मानून फोन ठेवला. रात्री धाकटी न जेवताच ताटावरून उठली, पण आईने तिला हाताला धरून परत बसवलं.

मंगळवारी वर्ग भरायच्या आधी ती सरांसमोर उभी राहिली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गुप्तता मोडल्याचे गुण कापावे लागतील, म्हणाले. मग म्हणाले की खरी चूक त्यांची स्वतःची होती. लोक कशाची वाट बघतात हे त्यांनी शोधायला लावलं, का वाट बघतात हे विचारलं नाही. त्यांनी तासाभरात चौऱ्याऐंशी जणांना खुलासा पाठवला. तेव्हा कळलं की वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनीही भाचीच्या लग्नाला येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं. बाबांची रजा मंजूर होती. अर्ज सही होऊन अधीक्षकांच्या टेबलावर पडला होता.

शुक्रवारी धाकटीने निकाल मांडला. एकतीस जणांनी पासवर्ड भरला, असं सांगून ती थांबली आणि मेलमुळे कुणाचं काय बिघडलं तेही तिने नावं न घेता वाचलं. सभागृहात कुणी हसलं नाही. बाबा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. सोमवारपासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि घरी जातानाही ते चार पावलं पुढेच चालले.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं, नीट झालं. या वेळी बाबा रजेसाठी स्वतः अधीक्षकांकडे गेले आणि कागद हातात घेऊनच आले. थेंब घालायच्या वेळा धाकटीने भिंतीवर लिहून लावल्या. रात्रीच्या तिच्या, दिवसाच्या बाबांच्या. आठवडाभराने आईने एका दमात सुई ओवली.

आता बाबा नवा मेल आला की उघडण्याआधी तिला फोन करतात. ती लॅबमध्ये असो की तासाला, बाहेर येऊन उचलते.

“हा तुझा आहे का?” ते विचारतात.

नाही, ती म्हणते. ते थट्टा करतात की खरंच विचारतात, हे तिला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.