उजव्या कानातलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. मला तोंड असतं, तर आज ते लपवूनच बसलो असतो.

जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण कामाला लागलो ते सोलापुरातल्या एका लहानशा कलादालनात. नवी चित्रं, नवी शिल्पं पाहून लोक गोंधळतात. म्हणून दालन चालवणाऱ्या चेतनाताई कलाकारांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्या ऐकायला मला कलाकृतीशेजारी खुंटीवर टांगायच्या. डाव्या कानात प्रश्न, उजव्या कानात उत्तर. "आता कुठं कळलं," असं कुणी म्हणालं की मी फुगून जायचो.

यंदा बुद्धप्रियाचं काम लागलं. फाटकी पोती सुतळीनं शिवून तिनं छतापर्यंत भिंत उभी केली होती. आणि पहिल्याच दुपारी माझी उजवी वायर आतून तुटली. नुसते प्रश्न ऐकू येत, पुढं सगळं चिडीचूप. चार दिवस माणसं ऐकून, माना डोलवून गेली. तक्रार एकानंही केली नाही. नव्या कलेतलं आपल्याला काय कळतंय, अशी ज्याला त्याला आपलीच लाज!

पाचव्या दिवशी बुद्धप्रियाची आई, पारूबाई, दुधनीहून आली. तिनं मला कानाला लावलं. डावीकडं प्रश्न आला, "हा टाका कुणाकडून शिकलात?" पारूबाई वाट बघत राहिली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"ह्यात माझी लेक बोलतच न्हाय की," ती पहारेकरी कोंडीबांना म्हणाली.

"मावशी, नवी कला अशीच असती," कोंडीबा म्हणाले.

पारूबाई ओशाळली. मला पदरानं पुसून खुंटीला लावलं आणि गाडी गाठायला निघाली. उत्तर मला तोंडपाठ होतं: "आईकडून. ती दुधनीच्या बाजारात पोती शिवते. ही भिंत तिचीच आहे."

संध्याकाळी बुद्धप्रिया आली. "आईनं ऐकलं का?"

"व्हय, लई वेळ कानाला लावून हुब्या व्हत्या," कोंडीबा म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. "बरं झालं. समोरासमोर मला जमलं नसतं," ती म्हणाली. "आता परत तो विषय नको काढायला."

दुसऱ्या दिवशी चेतनाताईंनी मला सहज कानाला लावून पाहिलं आणि माझी वायर जोडून घेतली. पण दुधनीला काही मला जाता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तपासत जा. आणि ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर खुशाल विचारा. लाजायचं ते मी लाजतो आहेच.