पाचव्या गाण्यातली हाक

बटणाचा लाल रंग मधोमध उडाला होता, बरोबर अंगठा टेकतो तिथे, आणि खालचं पांढरं प्लॅस्टिक उघडं पडलं होतं — इतक्या वर्षांत या बटणाने नुसते होकारच ऐकले, तिला वाटलं, नकाराला बटण नाहीच. ऐकू आलं की दाबायचं, नाही आलं तर गप्प बसायचं. काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत बसलेले काका मात्र गप्प बसत नव्हते. उमेदीची सगळी वर्षं कारखान्यातल्या लेथवर घालवलेला माणूस. कानांवर हेडफोन, डोळे घट्ट मिटलेले, आणि तिने काहीएक पाठवलेलं नसताना टप्पकन बटण दाबत होता. तिच्या पुढ्यातला दिवा पेटला. परत पेटला.

"काका, आवाज आला तरच दाबायचं हं."

"आलाच की!"

"नाही आला. मी पाठवलाच नव्हता."

"मग येईलसं वाटलं असेल," ते म्हणाले आणि वर तिच्याकडेच बघून हसले, जणू चूक तिची.

तिने कागदाच्या कडेला लिहिलं: न पाठवलेल्या आवाजाला होकार, सहा वेळा. बावीस वर्षं कान तपासण्यात गेली होती, आणि आलेला आवाज व आलासा वाटलेला आवाज यांत गल्लत करणारी माणसं तिला अजूनही सहन होत नसत. एका कानाची तपासणी झाली होती. दुसऱ्या कानाआधी तिने काकांना बाहेर बाकावर बसवलं, चहाचा कप घेतला आणि ड्रॉवरमधून फोन काढला.

तीन आठवडे हेच चाललं होतं. दादाचा लाडका तो जुना अल्बम — ऐंशीच्या दशकातला, मुखपृष्ठावर काळ्या पाण्यात उभी लोखंडी होडी — फोनवर कुठेतरी अचानक समोर आला, आणि त्याखाली ऐकणाऱ्यांची मतं. हजारांनी. तिला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या लेखी ती सुरात केलेली आदळआपट. पण ती मतं वाचायची. कुणी लिहिलं होतं, ड्रम पत्र्याच्या डब्यात बसून वाजवलेत. कुणी लिहिलं होतं, यानंतर कुणी गिटार हातात घ्यायची गरज नव्हती, उगाच घेतल्या. एक बाई म्हणत होत्या की याच गाण्यांवर मी मुलाला झोपवलं आणि तो आज दंतवैद्य आहे. दोघे जण दुसरी बाजू सरस की पहिली यावरून चार वर्षं हमरीतुमरीवर आले होते, आणि मध्येच एकाने दुसऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. ती प्रत्येक मतापाशी थांबून पारखत होती — हा असेल? नाही, दादा इतकं गोड बोलणार नाही. हा? नाही, याला साधी शिवीही धड देता येत नाही...

अकरा वर्षं. दादा कुठे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा तो त्याच्या वाद्यवृंदाबरोबर दूर कुठेतरी होता, दोन दिवस उशिरा पोचला, आणि माणसांनी भरलेल्या खोलीत ती त्याला म्हणाली, "आता कशाला आलास? गाणी संपली वाटतं?" त्याने बूटही काढले नव्हते. तसाच वळला. फोन नंबर बदलला, घर बदललं, संपलं. आपण बोललो ते खरं होतं, असं ती कित्येक वर्षं स्वतःला सांगत आली. खरं होतंच. खऱ्याने कुणाचं भलं झालं, हे मात्र तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

आणि त्याआधीची ती दुपार... आईने डोळे न उघडताच म्हटलं होतं, "पावलं वाजली. आला वाटतं." तिने जिन्यात जाऊन पाहिलं. परत येऊन म्हणाली, "नाही गं, कुणी नाही." कुणी नव्हतंच. आईने मान भिंतीकडे केली.

चहावर साय धरली. तिने फोनवरची मतं आणखी पुढे सरकवली, आणि —

"पाचव्या गाण्यात गिटारी थांबतात आणि नुसती घंटा उरते, तिथे एका बाईची हाक आहे. पुढे मी तीन वेळा विकत घेतला, एकाही प्रतीत ती हाक नाही. कंपनीने गाळली आहे. म्हणून पाचऐवजी चार तारे. असो."

असो. बाकी सगळं परक्या भाषेत आणि शेवटचा शब्द आपला.

ती हाक अख्ख्या जगात एकाच कॅसेटवर होती. दादाच्या मित्राने रेकॉर्ड एका दिवसापुरती दिली होती; जोडायला वायर नव्हती, म्हणून दादाने प्लेअरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि घरात फर्मान काढलं: कुणी हूं की चूं करायचं नाही. ती नऊ वर्षांची, तोंडावर हात धरून स्टुलावर. चार गाणी निर्विघ्न पार पडली. पाचव्यात घंटा सुरू झाली आणि स्वयंपाकघरातून आई, तारस्वरात, "पानं वाढलीत, येताय ना रे?" दादा आधी कपाळ बडवून घेत होता, मग पोट धरून हसत होता. पुसता आलं असतं, पुसलं नाही. वर तिला सांगितलं की त्या लोकांनी हे मुद्दाम आपल्या भाषेत टाकलंय, खास तुझ्यासाठी. तिने वर्गात जाऊन शपथेवर सांगितलं. वर्षभर तिची टिंगल झाली, तरी तिने हेका सोडला नाही. एवढी मोठी माणसं आपल्याला जेवायला बोलावतात, यात खोटं वाटण्यासारखं तिला काही दिसतच नव्हतं.

त्या मताखाली लोकांनी अकलेचे तारे तोडले होते. ती हाक काय होती, असं कुणी विचारल्यावर दादाने ते शब्द जसेच्या तसे उच्चाराप्रमाणे लिहिले होते, आणि मग एकाने छातीठोकपणे सांगितलं की ही सैतानाची वाणी, गाणं उलटं वाजवलं की ऐकू येते. आईला हे कळतं तर... तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. चार वर्षांत माणूस कुठल्या कुठे जातो, तिथे परत येऊन बघतही नसेल. कदाचित... ती जिन्यात जाऊन पाहण्याची जुनी सवय. तिने उत्तराची चौकट उघडली. मी चुकले, असं लिहिलं; खोडलं. मी बोलतेय — खोडलं, मी हे काय नाव झालं. मग तिने एवढंच लिहिलं:

"पानं वाढलीत. येताय ना रे?"

अंगठा क्षणभर अधांतरी राहिला. मग टेकला.

फोन ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर बंद. काकांना आत बसवलं, हेडफोन नीट केले, बटण त्यांच्या मुठीत दिलं. दुसरा कान पहिल्यापेक्षा बरा निघाला. काका खुशीत होते. ती बारीक बारीक सूर पाठवत गेली, दिवा पेटत गेला, मग तिने हात आवरला आणि शांतता तशीच ठेवली, काकांची परीक्षा म्हणून, किंवा स्वतःला ती हवी होती म्हणून. ड्रॉवरमध्ये काहीतरी थरथरलं. रस्त्यावरून एखादी गाडी गेली असेल. या खोलीत टेबल असंही कधीकधी हलतं.

दिवा पेटला. काकांनी एक डोळा उघडून, चोरी पकडली गेल्यासारखं काचेतून पाहिलं.

"ताई, हा आला होता ना? खरं सांगा."

तिने पेन उचललं, आणि काही न लिहिता खाली ठेवलं. ड्रॉवर तिने अजून उघडला नव्हता. आईचेच शब्द आपल्या तोंडून निघाले, हे तिला ते बोलून झाल्यावर कळलं.

"आला वाटतं," ती म्हणाली.