मऊ आवाज

बाईंनी पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवली आणि तिच्यातून हळूच हुंकार सोडला. बुडबुडे उठले आणि मध्येच थांबले.

"खांदे खाली," समोर बसलेली स्पीच थेरपिस्ट म्हणाली. "गळ्यातून ढकलू नका. पोटातून येऊ द्या."

अख्ख्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या बाई इथे मुकाट मान डोलवत होत्या. स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या. आवाज सांभाळला तर विरतील, नाहीतर शिकवणं सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाई वर्गात माइक लावत होत्या, कोमट पाणी पीत होत्या, मधल्या सुट्टीत तोंडाला कुलूप लावून बसत होत्या. तरी घसा सोलवटलेलाच.

"आवाज जास्त कधी बसतो?"

"सोमवारी सकाळी."

"म्हणजे सुट्टीनंतर! घरी कुणाशी ओरडून बोलावं लागतं का?"

बाई रुमालाची घडी घालत राहिल्या. "सासूबाईंना कमी ऐकू येतं. पण त्यांना मी काही म्हणणार नाही. मुलं त्यांनी सांभाळली, म्हणून माझी नोकरी टिकली."

"कानाचं मशीन?"

"नको म्हणतात. म्हातारी दिसेन म्हणे. ऐंशी उलटलीय."

थेरपिस्टला हसू आवरेना. मग तिने सांगितलं, जवळ जा, समोर बसा, सावकाश बोला. ओरडायचं नाही.

संध्याकाळी बाई सासूबाईंच्या पुढ्यात बसून सावकाश बोलल्या. त्यांना काही कळेना. "काय पुटपुटतेस?"

"आई, ओरडून ओरडून तिचा आवाज जायची वेळ आलीय!" नवरा शेजारून कडाडला.

बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. सासूबाई उठून आत गेल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यांना दुखावल्याची रुखरुख बाईंना शाळेतही सोडेना.

त्याच आठवड्यात एकदा बाई शाळेतून परतल्या, तर आई खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसलेल्या. नवरा नुसताच हसला. आईंच्या कानामागे इवलंसं मशीन होतं. त्यांनीच सकाळी त्याला डॉक्टरांकडे न्यायला लावलं होतं.

बाईंनी सवयीने ओरडण्यासाठी छाती भरून घेतली. मग तो श्वास सोडून दिला.

"आई, चहा टाकू?"

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "परत बोल."

"चहा टाकू का?"

"एवढा मऊ आवाज आहे होय तुझा?" आई म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, तू सदा माझ्यावर चिडलेलीच असतेस."

बाई पुढे झाल्या. त्या आईंचा हात धरून खालीच बसल्या.

"बोल की आता. आज शाळेत काय झालं?"

औषध घेतलंत का, जेवायला चला, दार लावून घ्या. ओरडून सांगण्याजोगं तेवढंच इतकी वर्षं त्या आईंना सांगत आल्या होत्या. बाईंनी खुर्ची ओढली नाही, माइकची पिशवीही खांद्यावरून उतरवली नाही. तिथेच बसून, अगदी हळू, सकाळच्या पहिल्या तासापासून सांगायला लागल्या.