निस्ती गिनती

चालण्याचा मला कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकसष्ट वर्षांचा झालो, त्यातली चाळीस पायांवर गेली. आता माणसं विमानानं येऊन मौजेखातर चालणार म्हणतात, तेव्हा मला हसूही येत नाही. माझा उजवा गुडघा उतारावर दुखतो, डावा चढावर. सपाटीवर दोघांची आपसात भांडणं चालतात.

तरी हे काम मी घेतलं, कारण मागायला रंजीता आली होती. आमच्याच गावची, तालुक्याच्या गावी, मूलला, शिकून पुढं एका संस्थेत लागलेली. संस्थेनं तिला तीन आठवडे फ्रान्सला पाठवलं होतं, तिथल्या खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या पायवाटा बघायला. आल्याआल्या ती माझ्या ओसरीवर बसून मोबाइलमधले फोटो दाखवत होती. नदीकाठची सपाट शेतं, मग हळूच चढणाऱ्या टेकड्या, टेकडीच्या पलीकडं पुन्हा दुसरी नदी.

"आपल्यासारखंच हाय ना, गुणवंतभाऊ? आपल्याकडं वैनगंगा, धानाच्या बांध्या, मंग टेकड्या. फक्त आपल्याकडं कोणी चालत नाई."

"चालतेत सगळेच," मी म्हणालो. "हौसेनं कोणी चालत नाई."

एका फोटोत झाडाच्या बुंध्यावर दोन आडवे पट्टे होते. वर पांढरा, खाली लाल. तिकडं म्हणे अशा खुणा कोसन्‌कोस मारलेल्या असतात आणि कोणाला वाट विचारावी लागत नाही. ज्या मुलखात वाट सांगायला बांधाधुऱ्यावर माणूस नाही तिथं झाडांनाच बोलावं लागणार, असं माझ्या मनात आलं. पण पोरगी एवढी खुशीत होती की मी गप्प बसलो.

चार दिवसांची वाट ठरली. सावली गावाजवळून निघायचं, बांध्यांच्या धुऱ्यांवरून नदी गाठायची, डोंग्यानं पल्याड उतरायचं आणि गडचिरोलीच्या बाजूच्या टेकड्या चढत-उतरत कोसमटोल्यापर्यंत जायचं. रंजीतानं वाटेतल्या सगळ्या ग्रामसभांत जाऊन परवानग्या आणल्या होत्या. वाटेबद्दल सगळे हो म्हणाले. रंगाबद्दल कोणी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

पौषात मी दोन डबे आणि दोन ब्रश घेऊन निघालो. वर पांढरा, खाली लाल. हात असा चालला की मलाच नवल वाटलं. दोरी नको, माप नको, पट्टा सरळ येई. कोसमटोल्याच्या शिवारात पोचलो तेव्हा गाव रिकामं होतं, सगळे पलीकडच्या गावी देवाच्या कामाला गेले होते. कोणी काही विचारलं नाही याचं मला बरंच वाटलं. नाल्यापासून गावापर्यंत तेवीस झाडं रंगवली आणि घरी येऊन दोन दिवस झोपलो.

माघाच्या शेवटी आम्ही दोघं वाट चालून बघायला निघालो. फ्रान्सहून सहा पाहुणे आठ दिवसांनी येणार होते. तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी सकाळी नाला ओलांडला आणि खुणा संपल्या.

"इथी मारली नाई का तुमी?"

"मारली ना. तेवीस मारल्या."

पहिल्या झाडाशी गेलो. पट्ट्याच्या जागी शेणमाती लिंपलेली होती. फासलेली नव्हे, चांगली सारवलेली, बोटांच्या वळ्या दिसत होत्या. दुसऱ्या झाडालाही तसंच, तिसऱ्यालाही. रंजीताचा पारा चढला.

"कोणाची मस्ती हाय ही? हो म्हणले होते ना सगळे सभेत?"

मी खाली बसलो. गुडघ्यांनी बसवलं असं ती समजली असेल. खरं म्हणजे चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. माझा हात इतका सराईत का चालला हे मला तिथं, त्या सारवलेल्या झाडासमोर, कळलं.

बावीस वर्षांपूर्वी मी एका ठेकेदाराकडं मुकादम होतो. याच भागात रस्ता रुंद व्हायचा होता. कापायच्या झाडांना खूण करत मी पुढं चालायचो. वर पांढरा पट्टा, खाली लाल, मधे नंबर. कोसमटोल्याच्या फाट्यावर दोन मोठे मोह होते. मी ब्रश लावला तशी एक बाई पाण्याचा गुंड घेऊन आली. आधी मला पाणी दिलं, मग विचारलं, "हे काऊन करून राह्यला, भाऊ?"

बुधरी तिचं नाव. दोन्ही मोह तिच्या आईच्या वेळेपासून त्यांचे. त्यांची फुलं वेचायची, वाळवायची, वर्षभर त्यावर मीठमिरची यायची. मी सकाळपासून अठरा किलोमीटर चाललो होतो. खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, गाव गोळा झालं असतं, माझी संध्याकाळ तिथंच गेली असती. मला फक्त घरी जायचं होतं.

"गिनती व्हय, बाई," मी म्हणालो. "निस्ती गिनती."

तिनं मला जेवू घातलं. भात आणि मुंग्यांची चटणी. दीड महिन्यानं दोन्ही झाडं पडली. ते बघायला मी नव्हतो, माझा मुक्काम पुढं हलला होता.

हे सगळं मी रंजीताला नाल्याच्या काठावर सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ती म्हणाली, "मंग रंगवताना याद नाई आली तुमाले?"

"नाई आली."

याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. खोटं बोललो त्याची आहेच, पण ते मी विसरून गेलो होतो.

गावाच्या अलीकडं वाट एका मोहाच्या खालून जाते. फाट्यावरचे दोन गेल्यावर बुधरीकडं उरलेला हा एकच मोह. त्याच्या बुंध्यालाही शेणमाती होती, आणि बुंध्याला पाठ लावून ती बसली होती. केस पांढरे, डोळे तेच. शेजारी पाण्याचा गुंड आणि गुंडाळलेली चटई. खुणा दिसल्यापासून रात्री इथंच झोपते, असं तिच्या सुनेनं नंतर सांगितलं. झाडाला कोणी हात लावतं का ते बघायला.

तिनं मला लगेच ओळखलं. मी तयारी करून गेलो होतो, ती शिव्या देईल, दगड उचलेल. मला ते चाललं असतं. ती उठली, हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, यंदाचा मोहा वेचू दे मले. मंग काप."

भांडणसुद्धा नाही. बाई माझ्याशी फक्त एका महिन्याचा सौदा करत होती.

"बुधरीबाई, हे झाड कापाचं नाई. वाटेची खूण हाय ही. बाहेरचे लोक येतीन, खूण पाहून चालतीन. बस्स."

"तवाबी तू असाच बोलला होता."

"आता खरं बोलून राह्यलो."

"तवाबी तोंड असंच होतं तुझं."

दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो, आणि हिला तर दूध मीच पाजलं होतं. रंजीतानं मधे पडून मोबाइल काढला, फ्रान्सची झाडं दाखवली, पट्टे दाखवले. बुधरीनं फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "त्यायचीबी झाडं कापतेत का?"

मग मी पिशवीतून विळा काढला. मोहाची साल वरून जाड असते, खरबरीत. आधी शेणमाती पाडली, मग विळ्याच्या धारेनं वरचे रंगलेले पोपडे हलकेच खरवडले. आतल्या ओल्या सालीला धार लागू द्यायची नव्हती, म्हणून बोटभर जागेला पाच मिनिटं लागत. बुधरी अगदी जवळ उभी राहून माझा हात बघत होती. एकदा म्हणाली, "हळू." एवढंच.

"गुणवंतभाऊ," रंजीता हळू आवाजात म्हणाली, "पाच दिवसांनी लोक येऊन राह्यले. खुणा नसल्या तं वाट कशी सापडंल त्यायले?"

"मी चालतो पुढं."

"तुमचे गुडघे?"

"माह्या गुडघ्याचं मी पाहतो."

त्या दिवशी सात झाडं झाली. रंजीता चिडून थोडा वेळ बसली, मग दुसरा विळा मागून आणून तीही खरवडायला लागली. उरलेली आम्ही दुसऱ्या दिवशी केली. रात्री कोसमटोल्यात मुक्काम होता. भात मिळाला, पण बुधरीच्या घरचा नाही.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. सहाही जण माझ्याहून मोठे, हातात दोन-दोन काठ्या. धुऱ्यांवरून ते इतके आनंदानं चालत होते की मला त्यांचा रागही येईना. एका आजीबाईंना प्रत्येक बांधीत थांबून कापलेल्या धानाचे खुंट बघायचे होते. नाल्यापलीकडं मी पुढं झालो. चढावर डावा गुडघा बोलत होता, उतारावर उजवा, आणि मागून सहा जणांच्या बारा काठ्या खटखट करत येत होत्या.

मोहाखाली बुधरी होतीच. चटई नव्हती, एवढा फरक. मी जवळ आलो तशी तिनं आधी माझे हात पाहिले. डबा नव्हता, ब्रश नव्हता. मग ती मागच्या लोकांकडं वळली आणि एकेकाकडं बोट करत पुटपुटायला लागली.

"काय करून राह्यली, बाई?" मी विचारलं.

"गिनती," ती म्हणाली. "निस्ती गिनती."

रंजीता हसली. मला हसता आलं नाही. बुधरीचं बोट शेवटच्या पाहुण्यावरून रंजीतावर आलं आणि तिथंच थांबलं. सात. जेवढे गावात गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत, असं तिचं म्हणणं होतं.

"आठ झाले," मी म्हणालो. "मले नाई धरलं?"

तिनं वर फांद्यांकडं पाहिलं. पानं गळून गेली होती, टोकांना कळ्यांचे तांबूस झुबके धरत होते.

"मोहा पडू दे पहिले," ती म्हणाली. "मंग गिनीन तुले."

मोहाची फुलं पडायला अजून वीसेक दिवस होते. गावाकडची टेकडी चढताना मी ते मनात मोजत राहिलो.