लिंबाच्या पाल्यासारखं नाव

“लिंबाचा पाला कसा लागतो, पोरी?”

मित्रांनो, फार दिवसांमागं ऐकलेला हा आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. आटत आलेल्या झऱ्यासारखा बारीक होता तो. मी पेट स्कॅनचं यंत्र आहे, आता जुनं झालेलं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका संशोधन केंद्रात राहतो आणि माणसांच्या मेंदूची चित्रं काढतो. मधोमध भलं मोठं भोक असलेला माझा पांढरा देह पाहून इथली विशाखा म्हणते, “मेंदू बघणारा मेदूवडा!” माझं काम तीच सांभाळते, म्हणून तिची थट्टा मला गोड लागते.

माझा जन्म दूरदेशी झाला. माझ्या पोटातल्या कड्यात कारागिरांनी बारीक स्फटिक ओळीनं बसवले. तेच माझे डोळे. समुद्र ओलांडून मी इथं आलो, तेव्हा माझ्यापुढं नारळ फुटला, गळ्यात झेंडूची माळ पडली आणि मी नवऱ्या मुलासारखा अवघडून उभा राहिलो.

मी काय पाहतो, ते सोपं करून सांगतो. मेंदूतल्या पेशींवर इवल्या इवल्या जागा असतात. निरोप आणणारी रसायनं तिथं येऊन बसतात. शास्त्रज्ञ त्या जागांना रिसेप्टर म्हणतात, विशाखा म्हणते पंगतीतले पाट. माझ्याकडं येणाऱ्या माणसाला आधी एक सुई टोचतात. त्या सुईतलं औषध म्हणजे माझा पाहुणा. तो रक्ताच्या वाटेनं मेंदूत जातो, रिकामा पाट दिसला की बसतो आणि तिथून किरण धाडतो. ते किरण तुमच्या डोळ्यांना दिसत नाहीत. मला दिसतात.

कंपवातात निरोप धाडणाऱ्या पेशी एकेक करून मिटत जातात. मग हात थरथरतो, पाऊल अडखळतं, आवाज बारीक होतो. निरोप्यांच्या जागी पाटावर बसू शकेल असं एक नवं औषध आमच्याकडं तपासायला आलं होतं. ते खरंच पाटापर्यंत पोचतं का, हे मला बघायचं होतं. त्यासाठी प्रत्येकाचं एक चित्र औषध सुरू होण्याआधी काढायचं आणि एक नंतर.

त्या कामासाठी करमाडहून गोजरबाई आल्या. डावा हात उजव्या हातानं दाबून धरलेला. सोबत त्यांचे मालक.

“जयभीम, बाई. मी कडुबा साळवे. ही आमची मंडळी.”

आमच्याकडं एक नियम आहे. सुई टोचण्याआधी पेशंटनं आपलं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. विशाखानं कडुबांना दाराबाहेर बसवलं आणि विचारलं, “आजी, पूर्ण नाव सांगा.”

“गोजरबाई साळवे.”

“मधलं?”

आजींनी दाराकडं पाहिलं.

“मधलं नाव, आजी?”

“त्यांनाच इचार की. भाईर बसलेत.”

“तसं चालत नाही. तुमच्याच तोंडून पाहिजे. लवकर सांगा हो, औषध विरून चाललंय.”

विशाखा खरंच सांगत होती. माझा पाहुणा शिशाच्या डब्यात बसून पहाटेच दुरून येतो आणि वाटेपासूनच विरू लागतो. त्याला साठवून ठेवता येत नाही. उशीर झाला की चित्र वाया जातं. आजींनी हे ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि तो प्रश्न विचारला.

“लिंबाचा पाला कसा लागतो, पोरी?”

“कडू.”

“म्होरं बा लाव.”

विशाखा इतकी हसली की तिच्या हातातला कापूस खाली पडला. बाहेरून कडुबा म्हणाले, “बघा, बाई! लग्नात उखाण्याच्या टायमालाबी हिनं असंच केलं. समदा उखाणा म्हणली आन् नावाच्या जागी खोकली. तवापसून मी वाट बघायलोय.”

“खोकला खराच व्हता,” आजी म्हणाल्या.

मनगटावरच्या पट्टीशी नाव ताडून विशाखानं सुई टोचली. थोड्या वेळानं आजी माझ्या फळीवर आडव्या झाल्या. मी त्यांना आत घेण्याआधी त्यांचे ओठ हलले. काचेपलीकडं बसलेल्या विशाखापर्यंत काही पोचलं नाही, पण मी जवळ होतो. मी ऐकलं.

*दारीच्या ग लिंबाची गार सावली पडली,*
*धन्याचं नाव घेता जीभ टाळूला अडली.*

मग त्यांनी डोकं असं स्थिर ठेवलं, जणू हात दुसऱ्याच कुणाचा थरथरत होता. चित्र छान निघालं. मेंदूच्या मधोमध दोन लखलखीत स्वल्पविराम.

आजी औषध घेऊन घरी गेल्या. माझं मात्र वय दिसायला लागलं होतं. काही डोळे मंदावले. कधी मधेच अडायचो. येणारेजाणारे म्हणायचे, “ह्याचं काय खरं नाही आता.” विशाखा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, माझ्या पोटात तपासणीचं नळकांडं ठेवायची आणि विचारायची, “उठले का, म्हातारबा? दिसतंय ना नीट?” तिच्या त्या विचारण्यावर मी दिवस ढकलले. खरं सांगतो, नारळ आणि झेंडूपेक्षा मला तेच जास्त पुरलं.

आता माझ्या जागी नवं यंत्र येणार आहे. मला वाईट वाटत नाही. ज्यांचं अंग क्षणभर थांबत नाही अशा माणसांनी माझ्यासाठी डोकं स्थिर ठेवलं. स्वतः बरं होऊ याची खात्री नसताना पुढच्या कुणासाठी ती पडून राहिली. एवढं ज्याला मिळालं, त्यानं आणखी काय मागावं? तरी मित्रांनो, जाता जाता एक मागतो. घरातल्या कुणाचा आवाज बारीक झाला, तर ‘मोठ्यानं बोला’ म्हणू नका. उठा, जवळ जा, कान द्या. आवाज लहान झाला म्हणून आतलं माणूस लहान होत नसतं. हे मला गोजरबाईंनी दाखवलं, त्या दुसऱ्यांदा आल्या तेव्हा.

त्या दिवशी आजी आत होत्या आणि कडुबा काचेपलीकडं विशाखाजवळ हळूच म्हणाले, “हात थोडा थांबलाय, पण आवाज लई आटला, बाई. शेजारी बसून पाणी मागती, तरी मला कळत नाय. नावाचं जाऊ द्या. नुसतं ‘अहो’ ऐकू आलं तरी पुष्कळ झालं.”

चित्र निघालं. विशाखानं पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि आनंदानं उठून आजींच्या डोक्याचा पट्टा सोडवायला आत धावली.

कडुबा एकटेच पडद्यापुढं उरले. पहिल्या चित्रात लखलखाट. दुसऱ्यात तेच दोन स्वल्पविराम, पण विझू विझू झालेले.

“दिवा मालवला म्हणायचा,” ते पुटपुटले. टोपी काढली आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मित्रांनो, तुम्ही ओळखलंच असेल. पाट भरले होते! नवं औषध आधीच येऊन बसलं होतं, म्हणून माझ्या पाहुण्याला जागा मिळाली नव्हती. आजार गेला नव्हता, पण औषध जागेवर पोचलं होतं. चित्र अंधारलेलं का दिसतं, हेच विशाखानं आजींच्या कानात सांगितलं.

फळीवर उठून बसलेल्या आजींना उघड्या दारातून मालकांची पाठ दिसली, हातातली टोपी दिसली.

“अहो,” आजी म्हणाल्या. माझ्या घरघरीत तो शब्द बुडाला.

“अहो!” बाहेर बाकावर बसलेले कुणाकुणाचे दोघं ‘अहो’ वळले. कडुबा वळले नाहीत.

विशाखा त्यांना बोलवायला निघाली. आजींनी तिचा हात धरून तिला थांबवलं. पदर तोंडाला गेला होता, तो खाली आला. लहान मूल उडी मारण्याआधी घेतं तसा त्यांनी खोल श्वास घेतला.

“कडुबा!”

भिंतीकडचं तोंड वळलं.

“ओ कडुबा! अंधार नाय त्यो. पंगत बसलीया.”