चेंबर धुतल्यानंतर

आमच्या प्रयोगशाळेत दोनच माणसं होती, मी आणि माझा नवरा. मागच्या हिवाळ्यात तो गेला. मागे राहिलं त्याचं चेंबर: कमरेएवढं पोलादी पिंप. त्यातली हवा उपसून आम्ही कार्बनचा थर बसवायचो. थर कसला, अणूंच्या चारदोन ओळी! पण घडण हिऱ्याची.

बोटातल्या हिऱ्याला कसली काळजी? तो आतून भक्कम असतो. थर इतका पातळ केला की आतलं असं काही उरतच नाही, सगळा नुसता पृष्ठभाग. वरच्या प्रत्येक अणूचा एक हात मोकळा. तो कुणी धरला नाही, की अणू आपापसात वेडीवाकडी हातमिळवणी करतात आणि हिऱ्याचं पेन्सिलीतलं शिसं होऊन बसतं. म्हणून वरून आम्ही हायड्रोजन सोडायचो. तो हात हायड्रोजन धरतो, अशी आमची समजूत होती.

काही थर टिकायचे, काही नाही. संस्थेनं आता निक्षून सांगितलं होतं: सगळे नमुने उघड्या हवेत आठवडाभर टिकवून दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा. चेंबर भंगारात जाणार होतं. आणि मी? घरी जाऊन भिंतींशी बोलत बसणार होते.

दोष मी नवऱ्याच्या गबाळेपणाला दिला. मला टेबलावर पाण्याचा डाग खपत नाही, आणि हा बाबा चेंबर कधी आतून पुसू द्यायचा नाही. "चाललंय ना? मग बोट घालू नकोस," म्हणायचा. यावरून आमची किती भांडणं झाली असतील!

त्यात नणंदेचा फोन. "त्याचं कपाट अजून तसंच ठेवलंयस ना? रविवारी येते मी. दोघी मिळून आवरून टाकू. डोळ्यांसमोर राहिलं की जीव तुटतो गं."

बरं, म्हटलं. पण आधी चेंबर. आतल्या भिंती खरवडल्या, स्पिरिटनं पुसल्या, तापवून कोरड्या केल्या. शेवटचा बोळा पांढराशुभ्र निघाला तेव्हा मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा, "बघ, याला म्हणतात चेंबर!" खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

त्यानंतर एकही थर टिकला नाही. एकही! संध्याकाळी बसवावा आणि सकाळी बघावं, तर हिऱ्याचा मागमूस नाही. अति तिथं माती, दुसरं काय.

शेवटी धुण्याआधीचा एक टिकलेला तुकडा काढला आणि पृष्ठभागावर कोणते अणू आहेत ते सांगणाऱ्या यंत्रात ठेवला. पडद्यावर फ्लोरिन. मी तर कधी फ्लोरिन वापरलाच नव्हता. वापरला होता त्यानं, आमच्या या कामाच्या कितीतरी आधी, त्याच्या कुठल्याशा फसलेल्या प्रयोगात. तो फ्लोरिन भिंतींना चिकटून राहिला होता आणि चेंबर तापलं की थोडा थोडा सुटत होता. जिथे पोचायचा तिथला थर टिकायचा. मोकळा हात खरा धरला होता तो त्यानं, हायड्रोजननं नव्हे.

आणि मी तो घासून काढला होता. बोळे कचऱ्यात गेले होते, कचराही केव्हाच नेला होता. स्टुलावर बसून मी हमसून हमसून रडले. तो गेला त्या दिवशीसुद्धा इतकी रडले नव्हते.

मग तोंड धुतलं. वायूंच्या कपाटात त्याची फ्लोरिनची जुनी बाटली होती. पहिल्यांदा फ्लोरिन जास्त सोडला, तर त्यानं थरच खाऊन टाकला. मग बेतानं, अगदी चिमूटभर. आठवडा गेला, सगळे थर जागच्या जागी. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "अभिनंदन मॅडम! एकटीनं केलंत हे." त्यांना काय समजावत बसणार? मान हलवली. खोली राहिली, चेंबरही राहिलं.

घरी आल्यावर नणंदेला फोन केला.

"वन्सं, रविवारी येऊ नका."

"अगं, आणि कपाट?"

"ते राहू दे तसंच. एकदा धुऊन बघितलंय मी."

त्यांना यातलं काय कळलं असेल कोण जाणे.

"मग मी अशीच येते," त्या म्हणाल्या. "आवरायला नाही. अशीच."

"या," म्हटलं.