चाकामागची वायर

ओल्या वळणावर ब्रेक दाबताच गाडी घसरली आणि वहिनीचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. "एवढी कसली घाई होती तुला?" दादा तिला रोज विचारायचा.

महिन्याभराने दादाच्या धाकट्या भावाने दारातल्या त्या गाडीला स्कॅनर लावला. ओल्या रस्त्यावर चाकं घसरू न देणाऱ्या अँटीलॉक ब्रेकचा दोष दिसला: पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बंद. त्याने जॅक लावून चाक काढलं. सेन्सरची वायर टायरला घासून तुटली होती, तुटलेली टोकं जुनी, काळी पडलेली. वायर धरून ठेवणारी क्लिप लावलेलीच नव्हती. अपघाताआधी ब्रेकपॅड त्यानेच घरी बदलले होते आणि क्लिप परत लावायला विसरला होता. वायर जोडून गप्प बसला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

तो तसाच काळ्या हातांनी वहिनीच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"भाऊजी, गाडीत तो ब्रेकचा पिवळा दिवा लागतोय म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. मीच म्हणालो, काही होत नाही, चालवा."

"मग हे मला नका सांगू. तुमच्या दादाला सांगा."

दादा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. भावाने आत जाऊन नळ बंद केला.